सुटका झालेली कुत्री, बास्केटबॉल आणि पहिलं पुस्तक

अगं, कुठलं पुस्तक आधी वाचू म्हणून विचारलंस; सुटका झालेली कुत्री आणि बास्केटबॉल, दोन्ही विषय आवडतात ना, मग आधी ‘द लॉस्ट डॉग्ज’ घे. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मायकेल विकच्या व्हर्जिनियातल्या मालमत्तेवर २००७ मध्ये कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला, तिथल्या पिटबुल जातीच्या कुत्र्यांची ही हकीकत. सुरुवातीची पानं जड जातील, नाही सोसलं तर खुशाल पुढे जा. पण माणूस दिसताच भीतीने जमिनीला पोट चिकटवून पडणारी ती कुत्री हळूहळू सावरतात, तो भाग मात्र सावकाश वाच. मला तिथे पुस्तक मिटून बसावं लागलं होतं.

मग पत्रकार डेव्हिड हॅल्बरस्टॅमचं ‘द ब्रेक्स ऑफ द गेम’. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा १९७९-८० चा हंगाम. १९७७ चं विजेतेपद मागे पडलेलं, संघाचा मोठा खेळाडू बिल वॉल्टन सोडून गेलेला. खेळाचे नियम येत नसले तरी अडत नाही. खेळाडूंच्या दुखापती आणि करार, तिथे रेंगाळ.