वाचकांचे प्रश्न : अजब बंगला मोबाइलवर आला, तर?

प्रश्न : आमच्या लहानपणी सुट्टीत अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तुसंग्रहालयात, जाणे हा एक सोहळाच असे. आता नातवंडे म्हणतात की, वस्तू मोबाइलवर दिसतात, मग उन्हातान्हात जायचे कशाला? शिवाय आमच्याकडे पणजोबांच्या काळातील मोडी कागदांची एक पेटी आहे. त्यांची छायाचित्रे काढल्यावर मूळ कागद जपण्याची गरज उरते का?
– एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांत चित्राचा विचार आहे, वस्तूची माहिती टिपणाऱ्या नोंदीचा नाही, आणि खरी गोम नोंदीतच आहे. १८७० मध्ये, आज मध्य प्रदेशात असलेल्या बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावाजवळ गुराखी मुलांना तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. बालाघाट तेव्हा, नागपूर ही ज्याची राजधानी होती, त्या मध्य प्रांतात मोडत असे. पुढे या ठेव्याची वाटणी होऊन त्यातील काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या आणि काही १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात, राहिल्या. विखुरलेला असा ठेवा अभ्यासकाला एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडून पाहता येणे, हे डिजिटल तंत्राचे मोठेच देणे आहे. पण समजा, एका सूचीत सापडल्याचे ठिकाण ‘गुंगेरिया’ असे असेल आणि दुसरीत नुसते ‘मध्य प्रांत’, तर छायाचित्रे कितीही सुबक असली, तरी त्या वस्तू एकाच ठेव्यातील आहेत हे संगणकाला उमगणार नाही. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी तयार केलेल्या ‘जतन’ या प्रणालीतही छायाचित्राबरोबर वस्तूचे साहित्य, माप, काळ आणि ठिकाण भरावे लागते, आणि ते भरणारा जाणकार माणूस कॅमेऱ्याइतक्या सहज मिळत नाही.

काही बाबतींत पडदा डोळ्यांपेक्षा अधिक दाखवतो, हे नातवंडांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. झिजलेल्या शिलालेखावर कॅमेरा न हलवता वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून अनेक छायाचित्रे घेतली आणि ती संगणकाने एकत्र केली, की काचेबाहेरून न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. मात्र तांब्याच्या कुऱ्हाडीचा भरीवपणा, किंवा ती आपल्या तळहाताच्या तुलनेत केवढी आहे, हे मोबाइलवर कळत नाही; तिथे सगळ्याच वस्तू बोटभर होतात. म्हणून आधी मोबाइलवर दोन वस्तू निवडायला सांगा आणि मग त्याच शोधायला मुलांना सिव्हिल लाइन्सला, अजब बंगल्यात, घेऊन जा.

आता पेटीविषयी. मूळ कागद टाकू नयेत. कागदाची जात, शाईचा थर, पाठीमागचा शेरा आणि घड्यांचा क्रम यांपैकी बरेच काही छायाचित्रात हरवते. शिवाय आज ज्या खुणेकडे कोणाचे लक्ष जात नाही, तीच उद्या उपयोगाची ठरू शकते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्थान मिळाले असले, तरी त्यामुळे मोडी मजकूर संगणकावर टंकता येतो इतकेच. शब्द न तोडता सलग लिहिलेले जुने हस्ताक्षर वाचणे ही निराळी गोष्ट आहे आणि यंत्राने केलेले वाचन जाणकाराने तपासल्याशिवाय ग्राह्य धरू नये.

छायाचित्रे खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, कागदाशेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंची काढा. कागद कोणत्या गठ्ठ्यातील कितवा, हे तेव्हाच वहीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा घटतो, तेव्हा ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, आणि एक प्रत घराबाहेर दुसऱ्या कोणाकडे असावी. पेटी गच्चीलगतच्या खोलीत असेल, तर आधी ती खाली आणा. आपल्याकडच्या मे महिन्यात तिथला कागद ठिसूळ होतो आणि पावसाळ्यात त्याला कसर लागते. चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण ते कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही.