ऑक्सिजन सेन्सर जाम झालाय आणि चिरेची गोटी (एका बाजूने कापलेला सॉकेट पाना) फाकतेय, आता कोणता पाना घेऊ?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: कोकणातली जुनी पेट्रोल गाडी, चेक इंजिनचा दिवा लागलाय, वरचा (म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा) सेन्सर बदलायचाय. वायरसाठी चीर असलेली गोटी आणली, जोर लावल्यावर ती फाकली आणि सेन्सरचे कोन झिजायला लागलेत.

दुसरी, महागडी चिरेची गोटी घेऊ नका. टूल निवडण्याआधी एकच ठरवा: हा सेन्सर वाचवायचाय की फेकायचाय? फेकायचा असेल तर वायरच्या टोकाचं सॉकेट (प्लग) सुटं करून वायर सरळ कापा. वायर गेली की चिरेची गरजच उरत नाही आणि चारही बाजूंनी बंद असलेला पाना वापरता येतो. चीर म्हणजे गोटीची कापलेली बाजू; टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लांब केली की ती तिथूनच उघडते आणि कोन खाते.

कापण्याआधी दोन गोष्टी बघा. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड पी०१३५ असेल तर तो सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. फ्यूज आणि वायरिंग आधी तपासा, सेन्सर ठीकही निघेल. आणि नवा सेन्सर सॉकेटसकट येतोय ना? ‘युनिव्हर्सल’ असेल तर जुनं सॉकेट लागणार, म्हणून वायर सेन्सरच्या जवळ कापा.

आता पाना. बहुतेक कारच्या सेन्सरला २२ एमएमचं डोकं असतं. जागा असेल तर मी आधी २०-२२ चा रिंग पाना लावतो. बाजारात सहज मिळतो, स्वस्त आहे आणि डोक्यावर घट्ट बसतो. जागा खोल असेल तर २२ ची डीप गोटी, अर्ध्या इंची चौकाची. ती सहा कोनीच मागून घ्या. बारा कोनी गोटी फक्त टोकांवर पकडते, आणि तुमची टोकं आधीच गेलीत. सोबत लांब ब्रेकर बार (रॅचेट नसलेला दणकट दांडा) हवा. रॅचेटवर पाईप चढवू नका, आतले दात तुटतात.

पण पान्याइतकंच काम उष्णता करते. आदल्या रात्री गार सायलेन्सरवर आट्यांच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारा. सकाळी वरचं तेल पुसून इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा आणि जाड हातमोजे घालून गरम असतानाच फिरवा. तरी हलेना तर गॅस टॉर्चने बाहेरचा बुश (सेन्सर ज्यात फिरवून बसवलेला असतो ती पाईपवरची आट्यांची कडी) तापवा, सेन्सर नव्हे. बुश फुगला की पकड सैल होते. जवळचा पेट्रोल पाईप, रबर, वायरिंग आधी नीट बघा. तिथे जागा अडचणीची असेल तर टॉर्चचं काम गॅरेजवाल्याकडेच द्या.

पहिला ‘कट्’ आवाज आला की तसंच ओढत सुटू नका. पाव फेरा सैल, थोडा परत घट्ट, गार झालं की पुन्हा तेल. एकाच दमात काढलात तर गंजाचा चुरा आट्यांत अडकून बुशचे आटे सोलून निघतात, आणि मग वेल्डिंगशिवाय गत्यंतर नाही. एअर गन (हवेच्या दाबावर चालणारा पाना) मी इथे टाळतो त्याचं कारणही हेच.

कोन पूर्ण गोल झाले तर आतून पीळ असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी हातोडीने ठोकून बसवा. पाईप पाना त्यानंतरच.

सेन्सर निघाला की बुशमधून एम१८ × १.५ चा चेसर (आटे साफ करायचं हत्यार) फिरवा (बहुतेक कारला हाच आटा असतो). नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीससारखं मलम) लावलेलं येतं. नसेल तर सेन्सरला चालणारंच घ्या आणि आट्यांवरच पातळसं लावा, टोकाला अजिबात नको. आधी हाताने फिरवून बसवा. मग तुमची चिरेची गोटी सरळ झाली असेल तर आता वापरा: बसवताना साधारण ४० न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. आणि नवा सेन्सर हातातून पडू देऊ नका, आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.