हात हलतो की समोरचा?

प्रश्न: माझ्याकडे कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. भीमगडच्या जंगलातले पक्षी आणि बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक टिपायची आहे. जुनी ७५-३०० लेन्स स्वस्तात मिळतेय, पण तिला स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही. ट्रायपॉडशिवाय चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: भीमगडसाठी ती घेऊ नका. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून लेन्सच्या ३०० मिमीला १.६ ने गुणा, ४८० आले. हाताच्या थरथरीने फोटो पुसट होऊ नये, तर शटर सेकंदाच्या साधारण तितक्याव्या भागाइतकंच उघडं राहायला हवं. म्हणजे हातात धरून शटर किमान १/५०० हवं. राजहंसगडावर भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ४०० आणि एफ/८ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) १/१६०० सुद्धा मिळतं, तिथं अडचण नाही. दाट झाडीत मात्र एफ/५.६ ला १/५०० गाठायचं तर आयएसओ ३२०० किंवा त्याहून वर जातो आणि फोटो दाणेदार होतो, त्यात या लेन्सचं छिद्र ३०० वर पूर्ण उघडलं की पिसं पुसटच येतात. थोडं थांबून ५५-२५० आयएस एसटीएम घ्या, आयएस म्हणजे तिला स्टॅबिलायझेशन आहे. फांदीवर निवांत बसलेला पक्षी १/६० ला सुद्धा मिळतो, आणि शटर अर्धं दाबताच व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही स्थिरावतं. फोकसचा ठिपका नेमका डोळ्यावर ठेवायला याचा फार उपयोग होतो. उडत्या पक्ष्याला १/१००० लागतंच.

मिरवणुकीत गोष्ट उलटी. तिथं लेझीम खेळणारी पोरं हलतात, आणि स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं. १/२५० पाहिजे, म्हणजे उजेड जास्त घेणारी लेन्स पाहिजे. टॅमरॉन १७-५० एफ/२.८ ची स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी आवृत्ती इथं बिनधास्त घ्या: ५० वर हातासाठी १/८० पुरतं, आणि तुमच्या १८-५५ पेक्षा त्या टोकाला चौपट उजेड मिळतो. टीव्ही (Tv) मोडवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायच्या मोडवर, १/२५० ठेवा, आयएसओ ऑटो, कमाल ६४००.

डावा तळवा लेन्सखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, आणि सलग तीन फोटो. बटण दाबताना बसणारा झटका बहुतेक वेळा पहिल्यातच येतो.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. दिसली तर परत द्या. मग कॅमेरा टेबलावर ठेवून, दोन सेकंदांच्या टायमरवर, भिंतीला लावलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढा. तरीही अक्षरं पुसट आली, तर दोष हाताचा नाही, लेन्सचा किंवा फोकसचा आहे.