थकलेलं बिल मागायची लाज कसली?

प्रश्न : ताई, मी सांगलीत राहते. आठ वर्षं घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करते, अधूनमधून शब्दांकनही. गेल्या वर्षापासून काम निम्म्यावर आलंय. जी एजन्सी शब्दाला दीड रुपया द्यायची ती आता म्हणते, "अनुवाद मशीन करेल, तुम्ही फक्त नजर फिरवा, शब्दाला चाळीस पैसे." एका कंपनीकडे माझे ६८,००० रुपये सात महिने अडकलेत. मागितले तर पुढचं काम जाईल अशी भीती वाटते. मिस्टरांचा पगार वेळेवर होत नाही, मुलगी दहावीला आहे. चाळीस पैशांचं काम घ्यावं का? की हे सगळं सोडून एखाद्या दुकानात हिशेब लिहायला जावं?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ६८,००० या आकड्यापाशी अडखळले. तुम्ही तो मध्येच, ओझरता लिहिलाय. मी तो सगळ्यात वर घेते. दीड रुपयाच्या दराने हे पंचेचाळीस हजारांहून जास्त शब्द झाले. म्हणजे एका पुस्तकाएवढा मजकूर तुम्ही रात्री जागून करून दिलाय आणि त्याचा मोबदला सात महिने दुसऱ्याच्या खात्यात पडून आहे. नवं काम शोधायच्या आधी हे पैसे घरी आणायचे.

एवढ्या ठामपणे सांगते, कारण मी उलट वागले होते. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि आठवड्याभरात माझी तीन कामं गेली : एका पर्यटन कंपनीची माहितीपुस्तिका, एका पुरवणीतलं सदर आणि एका प्रदर्शनाचं सगळं साहित्य. वही उघडली तर चार ठिकाणांहून मिळून ९१,००० रुपये येणं होतं. त्यातली दोन बिलं मी पाठवलीच नव्हती. 'त्यांच्यावरही वेळ आलीय' असं म्हणत दोन महिने मी कुणालाच फोन केला नाही. जूनमध्ये त्यातलं एक कार्यालय कायमचं बंद झालं. तिथले २६,००० गेले ते गेलेच. बाकी तिघांनी फोन केल्यावर हप्त्याहप्त्याने दिले. त्यांच्यातले एक हिशेबनीस म्हणाले, "मॅडम, पैसे थोडे होते. ज्यांनी मागितले त्यांना दिले. तुम्ही काही बोलला नाहीत." त्या दिवसापासून बिल मागताना माझा आवाज कापत नाही.

तर उद्या सकाळी एक मेल पाठवा. त्यात गाऱ्हाणं नको, घरची अडचण नको. एवढंच लिहा : "बिल क्रमांक अमुक, दिनांक अमुक, रक्कम ६८,००० रुपये अद्याप मिळालेली नाही. ती कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवावे. एकरकमी शक्य नसल्यास दोन हप्ते चालतील, त्यांच्या तारखा कळवाव्यात." मेल काम देणाऱ्या बाईंना नको, थेट हिशेब विभागाला, आणि बाईंना प्रत. काम देणाऱ्या व्यक्तीशी तुमचं नातं चांगलं आहे, ते पैशांच्या तगाद्यात झिजवू नका. बहुतेक वेळा बिल अडलंय हे तिला माहीतही नसतं.

मेल पाठवण्याआधी आयकराच्या संकेतस्थळावर जाऊन तुमचा २६एएस हा तक्ता बघा, त्यात तुमच्या नावावर कापलेला कर दिसतो. कंपनी आपल्या बिलातून साधारण १० टक्के टीडीएस, म्हणजे सरकारकडे भरायचा कर, आधीच कापते, आणि तो रक्कम त्यांच्या वहीत जमा धरताना किंवा प्रत्यक्ष देताना, जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. पैसे मिळाले नसतानाही त्या बिलाचा टीडीएस तिथे दिसत असेल, तर त्यांनी तुमचं बिल आपल्या हिशेबात घेतलंय. हा तुमच्या हातातला चांगला पुरावा. आणि हो, उत्पन्न कमी असलं तरी विवरणपत्र भरत चला. आपल्यातल्या कितीतरी जणी ते भरत नाहीत आणि कापलेला कर परत मागायचा राहूनच जातो.

आता उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे नाव नोंदवणं. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसाही लागत नाही. फी मागणारं पान दिसलं की ते चुकीचं पान समजा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सेवा देणारेही येतात, म्हणजे घरच्या टेबलावर अनुवाद करणारी बाईसुद्धा. लेखी करारात मुदत ठरली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात दाखवता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये हिशेबनीस आपणहून फोन करू लागलेत. माझ्या बिलाच्या तळाशी आता उद्यम क्रमांक छापलेला असतो. त्या एका ओळीने माझं बरंचसं मागणं वाचवलंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. नोंदणीच्या आधी केलेल्या कामाला हा लाभ मिळेलच असं धरू नका, त्यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. तुमच्या ६८,००० साठी साधा तगादा, मग वकिलाची नोटीस हा मार्ग आहेच, आणि वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. सात महिने म्हणजे फार उशीर झालेला नाही. नोंदणी पुढच्या बिलांसाठी आजच करून ठेवा.

चाळीस पैशांचं काम शब्दांवर मोजू नका, घड्याळावर मोजा. एजन्सीकडून पाचशे शब्दांचा नमुना मागा आणि वेळ लावून बसा. मी हे करून पाहिलं. स्वतः अनुवाद करताना माझे तासाला तीनशे शब्द होतात, म्हणजे दीड रुपयाने ४५० रुपये. मशीनचा मजकूर नीट करताना तासाला पाचशे झाले, म्हणजे चाळीस पैशांनी २००. कारण ती 'नजर फिरवणं' नसतंच. कर्जाच्या एका पत्रात 'आउटस्टँडिंग अमाउंट'चं, म्हणजे थकबाकीचं, 'उल्लेखनीय रक्कम' झालं होतं आणि 'प्रिन्सिपल'चं, म्हणजे मुद्दलाचं, 'मुख्याध्यापक'. कर्जदाराने ते वाचून काय समजायचं? मूळ इंग्रजीशी ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय असं काही सापडत नाही. म्हणून त्यांना कळवा : हे काम मी करीन, पण तासाच्या दराने, आणि मजकूर अगदीच कच्चा असेल तर नव्याने अनुवादाचा दर लागेल. माझ्या दोन एजन्सींपैकी एकीने हे मान्य केलं, दुसरीने नाही. दुसरीचं काम मी सोडलं. त्या महिन्यात मला त्याची झळ बसली, हे लपवत नाही.

नवं काम कुठून येणार, हा तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न. अडचणीच्या काळात सजावटीचं लेखन आधी बंद होतं, पण लोकांना एखादी गोष्ट समजावून सांगण्याची गरज वाढते. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली. आमच्या भागातल्या एका सहकारी बँकेत लोक विचारायला यायचे, "तीन हप्ते माफ झाले ना?" माफ झाले नव्हते, व्याज चालूच होतं. ते सांगणारं इंग्रजी परिपत्रक दारावर चिकटवलेलं होतं. मी व्यवस्थापकांना फोन करून म्हटलं, एक पान मराठीत लिहून देते. "हप्ता पुढे गेला तरी व्याज थांबत नाही. पगार चालू असेल तर हप्ता भरत राहा," असं साधं पान, खाली एक उदाहरण आकड्यांसह. त्याचे १,५०० रुपये मिळाले. पण त्याच बँकेचा वार्षिक अहवाल मी आता दर वर्षी करते.

तुमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, दूध संघ आहेत. सहकारी संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते आणि त्याआधी सभासदांना मराठीत अहवाल दिला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तो घाईघाईत, गेल्या वर्षीचा मजकूर उचलून छापला जातो. गेल्या वर्षीचा एखादा अहवाल मिळवा, त्यातली दोन पानं सुधारून, जुनं-नवं शेजारी शेजारी लावून मे महिन्यात सचिवांना नेऊन दाखवा. एजन्सी मध्ये नसल्याने पूर्ण पैसे तुमचे. पाच ठिकाणी गेलात तर एखाद्या ठिकाणी काम मिळेल. माझं प्रमाण साधारण तेवढंच पडलं.

राहिली दुकानातली नोकरी. अर्धा दिवस मिळत असेल तर जरूर घ्या. मीही २०२१ मध्ये आठ महिने एका छापखान्यात सकाळी मुद्रितशोधन केलं. किराणा त्या पगारातून भरत होता, म्हणूनच दुपारच्या कामाला मी कमी दर घेतला नाही.

प्रश्न : दिवाळी अंकासाठी माझी कथा घेतली. आता संपादक म्हणतात, मानधन नाही, अंक पाठवू. तीच कथा मी माझ्या संग्रहात घेऊ शकतो का? – एक कथालेखक, चिपळूण

उत्तर : घेऊ शकता. तुम्ही त्यांचे नोकर नाही आणि हक्क लिहून दिलेले नाहीत, तेव्हा कथा तुमचीच आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. तसं लिहून दिलं आणि त्यात मुदत घातली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणून पुढच्या वेळी सही करण्याआधी मुदतीची ओळ वाचा.

मानधनाचं मात्र मला वाईट वाटतं. कागदवाल्याला आणि छापखान्याला कुणी 'अंक पाठवू' म्हणत नाही. पुढच्या जूनमध्ये कथा देतानाच आकडा विचारा. पाचशे रुपये म्हणाले तरी तो आकडा मेलवर घ्या.