खडा घाला, पण गोळी सोडू नका

कापूस विकून हातात पैसा आला की गावोगाव खडेवाले फिरू लागतात आणि मागोमाग माझ्याकडची पत्रंही वाढतात. मी भूशास्त्र शिकवतो. दगडांवर माझा जीव आहे, म्हणूनच त्यांच्या नावावर कोणी आजारी माणसाचा पैसा नेला की राहवत नाही. आजारांबद्दलची उत्तरं डॉक्टरांना दाखवून घेतली आहेत.

विहीर खोदताना खडकात पोकळी लागली. आत पांढरे, चकाकणारे खडे आहेत. एक जण म्हणतो, हे घरात ठेवले तर दुखणं फिरकत नाही. दुसरा पाच हजारांना मागतो. काय करू? (दारव्हा तालुका)

दादा, तुमच्या शेताखालचा काळा खडक म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेल्या खनिजांचे स्फटिक भिंतींवर वाढत गेले. तुटलेल्या काचेवर खडा घासून पाहा. काचेवर चरा उमटला आणि चाकूनं खड्यावर उमटला नाही, तर ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्ज. चाकूनं चरा पडला आणि मोतिया झाक दिसली, तर बहुधा स्टिलबाइट किंवा अपोफिलाइट ही खनिजं.

दुखणं हटवायची ताकद यातल्या एकातही नाही. मोल मात्र असू शकतं. हौशी संग्राहक टोकं न तुटलेले गुच्छ शोधत असतात, तेव्हा घण घालू नका. भूशास्त्र शिकवणाऱ्या जवळच्या कॉलेजात आधी दाखवा, मग भाव बोला. आणि एक-दोन घरात ठेवाच, नुसते बघायला. रंगीत दगडाची ओढ आपल्या भागात फार जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाण काळापासून, म्हणजे मोठाले दगड रचून थडगी बांधायच्या काळापासून, अकीक, कार्नेलियनचे मणी घडत होते.

दोन वर्षं पीक हाती नाही, डोक्यावर कर्ज. मालक रात्ररात्र जागे असतात, जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. पत्रिका पाहणाऱ्यानं अठरा हजारांचा नीलम सांगितला. सोनं गहाण ठेवून घेऊ का? (आर्वी तालुका)

ताई, सोनं गहाण ठेवू नका. नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, त्यात लोह आणि टायटॅनियमचा अंश आला की निळा होतो. बोटातून तो ना मेंदूपर्यंत पोहोचतो, ना सावकारापर्यंत. अठरा हजारांचं नवं ओझं मात्र त्यांच्याच डोक्यावर बसेल.

तुम्ही लिहिलेली लक्षणं नैराश्याची असू शकतात आणि नैराश्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. आजच १४४१६ ला फोन लावा. ही टेली मानस सेवा रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः बोललात तरी चालेल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे सोबत जा. "जीव द्यावासा वाटतो का?" असं त्यांना सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरातून हलवा, दिराकडे किंवा शेजारी कुलपात ठेवायला द्या. जीव द्यावासा वाटतो असं मालक म्हणाले, तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खड्यावर त्यांची श्रद्धा असेल तर वाद घालत बसू नका. घरात जुनी अंगठी असेल तर घालू द्या. उपचार सुरू होणं महत्त्वाचं.

मुलीला सिकलसेल आहे. पोवळं घातलं तर रक्त सुधारतं, मग गोळ्या बंद करता येतात, असं सांगितलं. खरं आहे का? (कुरखेडा तालुका)

नाही. गोळ्या एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. पोवळं समुद्रातल्या जिवांनी बांधलेलं कॅल्शियम कार्बोनेट आहे, आपल्या चुनखडीचंच द्रव्य. सिकलसेलचा दोष हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात असतो आणि तो आईवडील दोघांकडून आलेला असतो. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी लिहून दिली असेल तर ती बाळपणीच्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचं प्रमाण घटतं. वेदनेचे झटके कमी होतात ते यामुळे.

मुलीला भरपूर पाणी पाजा, थंडीत उबदार ठेवा. ताप, छातीत दुखणं, धाप, अचानक पांढरं पडणं यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. लहान मुलांची बोटं या आजारात सुजतात, तेव्हा घट्ट अंगठी नकोच. धाकट्या भावंडांचीही तपासणी करून घ्या.

मोबाइलवर पाहून बाबा क्रिस्टल ठेवलेलं पाणी पितात. शुगर उतरते म्हणे. (वरुड तालुका)

गारगोटी किंवा गुलाबी स्फटिक असेल तर पाण्यात काहीच उतरत नाही, शुगरही उतरत नाही. पण बाजारात हिरवा मॅलाकाइटही मिळतो, त्यात तांबं असतं. हिंगुळात पारा, मनशीळेत आर्सेनिक. असला दगड पिण्याच्या पाण्यात कधीही टाकू नये. वैद्य देतात ती प्रवाळ पिष्टी, म्हणजे पोवळ्याची बारीक पूड, निराळी गोष्ट, पण तीही वैद्यांच्या सल्ल्यानंच घ्यावी. बाबांची गोळी चालू ठेवा. तावीज-कवचासारख्या तोडग्यानं मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

क्वार्ट्जवर घड्याळ चालतं, म्हणजे त्यात ऊर्जा असतेच ना? (शिक्षक, नागभीड)

सर, प्रश्न आवडला. १८८० साली पिएर आणि झाक क्युरी या भावांनी दाखवलं की असे स्फटिक दाबले तर त्यांवर विद्युतभार येतो. उलट, वीज दिली की ते कंप पावतात. घड्याळातला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो, पण ऊर्जा बॅटरीची असते. बॅटरी काढा, घड्याळ बंद.

मग हातात स्फटिक धरल्यावर ऊब, मुंग्या, शांतता का जाणवते? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ८० जणांवर प्रयोग केला. काहींना खरे स्फटिक दिले, काहींना नकली. दोन्हींकडे सारखंच जाणवलं. ही जाणीव खोटी नाही, ती डोळे मिटून स्वस्थ बसण्यातून आणि अपेक्षेतून येते. मुलांना हा प्रयोग वर्गात करून दाखवा, गारगोटी आणि काचेचा तुकडा पुरे.

माणिक घेतलं, खरं कसं ओळखू? (मेहकर)

नुसत्या डोळ्यांनी नाही ओळखता येत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई यांनी १९०२ मध्ये भट्टीत माणिक तयार करायची रीत जाहीर केली. तेव्हापासूनचं कृत्रिम माणिक रासायनिकदृष्ट्या अस्सलच, पण किंमत कितीतरी कमी. शिवाय भेगांत शिशाची काच भरलेले खडे सर्रास विकले जातात. लिंबाच्या रसानंही ती काच खराब होते. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला मागा. त्यात 'नैसर्गिक' एवढ्यावर थांबू नका, 'प्रक्रिया' या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. पक्कं बिल असेल आणि खडा वेगळा निघाला, तर आधी दुकानदाराला लेखी द्या. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, पुढे जिल्हा ग्राहक आयोग.