नाखवा गेला, देणगीदार रुसले

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाचा मी खजिनदार. कॉलेजच्या खेळाच्या संघांचं प्रतीक (मॅस्कॉट) होतं 'नाखवा', म्हणजे मासेमारी होडीचा तांडेल. फोमचं भलंमोठं डोकं, लाल नाक, हातात बाटली, मैदानभर झोकांड्या. मच्छीमार घरांतल्या मुलांनी हरकत घेतली आणि संस्थेनं तो बंद केला. आता मुंबईकर माजी विद्यार्थी मैदानाच्या गॅलरीसाठी कबूल केलेले पैसे देत नाहीत. दोघे तर दिलेलेही परत मागतात. काय करावं?

उत्तर : आधी पावतीपुस्तक उघडा. ज्याची पावती फाडली तो पैसा संस्थेचा. तो परत करणं खजिनदाराच्या हातात नाही, आणि देणगीदारानं ८०जीची (देणगीवरची आयकरातली) सवलत घेतली असेल तर भानगड दोन्हीकडे वाढते. मात्र पत्रात 'अमुक कामासाठी' असं लिहिलं असेल तर पैसा त्याच कामाला लागला पाहिजे. 'नाखवा चषका'ची ठेव असेल तर नाव बदलण्याआधी दात्याची लेखी संमती घ्या.

नुसता दिलेला शब्द कायद्यानं सहसा वसूल होत नाही. अपवाद १८८६च्या खटल्याचा, हावड्याच्या टाउन हॉलचा. वर्गणीदारांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम देऊन झालं होतं, म्हणून शंभर रुपये कबूल केलेल्याला ते भरावे लागले. तुम्ही कोर्टाची पायरी चढू नका, माणसं आपलीच आहेत. पण पैसे खात्यात पडेपर्यंत गॅलरीची वर्क ऑर्डरही काढू नका.

अमेरिकेत हे सगळं होऊन गेलंय. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा माजी विद्यार्थी राल्फ एंगलस्टॅड हॉकीचं स्टेडियम बांधून देत होता, खर्च दहा कोटी डॉलरच्या वर. संघाचं 'फायटिंग सू' हे नाव ('सू' हा तिथला आदिवासी समाज) बदललंत तर काम अर्धवट सोडीन, असं त्यानं डिसेंबर २०००मध्ये कळवलं. नाव राहिलं. मग पठ्ठ्यानं 'सू'चं चिन्ह इमारतीत हजारो ठिकाणी बसवलं, लॉबीच्या ग्रॅनाइटमध्येसुद्धा, म्हणजे काढायचं म्हटलं तरी परवडू नये. तरी २०१२मध्ये नाव गेलंच, आणि 'फायटिंग हॉक्स' यायला २०१५ उजाडलं. इलिनॉय विद्यापीठानं २००७मध्ये 'चीफ इलिनिवेक' हे आदिवासी सरदाराच्या वेशातलं प्रतीक बंद केलं, पण त्याच्या जागी काहीच आणलं नाही. हौशी मंडळी तोच वेश करून येत राहिली. म्हणून नवं प्रतीक याच हंगामात ठरवा, आणि गॅलरीवर ते सिमेंटात कोरू नका. स्क्रूनं बसवलेला पत्रा पुरे.

व्हॉट्सॲपवर वाद घालू नका. चाकरमानी गणपतीत येतातच. गौरी-विसर्जन आटोपलं की परतीच्या गाडीआधी एक सकाळ बैठकीला ठेवा. मुलांचं हरकतपत्र सारांश न करता पूर्ण वाचा. बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंच नसणार. हिशेबाचा कागद त्यानंतर.

जुनं डोकं फेकून देऊ नका, कोणीतरी ते मागणारच. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र बांधू नका, पावसाळ्यात फोमला आतून बुरशी धरते. ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस वाळवा आणि भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा.