बागप्रश्न : सावलीतली सदाहरित झुडपं

प्रश्न : लेक जर्मनीत म्युनिकला असते. घरामागे उत्तरेच्या भिंतीलगत सावलीचा पट्टा आहे. तिथे लावलेला ऱ्होडोडेंड्रॉन आधी पिवळा पडला, मग मार्चमध्ये करपला. त्याला थंडी सोसत नाही का? बारमाही हिरवं दुसरं काय लावावं?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : थंडीने नव्हे, तो बहुधा तहानेने गेला. आपल्याकडे झाडं पावसाळ्यात मुळं कुजून मरतात, तिकडे उलटं. सदाहरित पानांतून हिवाळ्यातही पाणी उडत राहतं, पण जमीन गोठली की मुळांना ते ओढता येत नाही. भिंतीलगत पाऊसही नीट पोचत नाही, म्हणून भिंतीपासून दोन फूट अंतर सोडा. नोव्हेंबरात, जमीन गोठण्याआधी, दर झुडपाला दहा लिटर पाणी सावकाश मुरवा. त्यावर सालीच्या तुकड्यांचा 5 ते 7 सेंमी थर पसरा. खोडाला मात्र तो लागू देऊ नका. कडाक्याच्या थंडीत ऱ्होडोडेंड्रॉनची पानं विडीसारखी गुंडाळली जातात, त्याने घाबरू नये. ऊब आल्यावरही ती उलगडली नाहीत, तर मुळं कोरडी आहेत असं समजा.

पिवळेपणाचं कारण वेगळं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर तो चुन्याचा प्रताप. या झुडपाला 4.5 ते 5.5 सामूची (pH) आम्ल माती लागते. म्युनिककडची माती आणि नळाचं पाणी दोन्ही चुनखडीयुक्त, त्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही.

खरं सांगायचं तर ऱ्होडोडेंड्रॉनचा हट्ट सोडा आणि महोनिया लावा. चुना, सावली, कोरडेपणा सगळं सोसतो. उंची तीन-चार फूट, वसंतात पिवळी फुलं. यू हा सुईसारख्या पानांचा सदाहरित वृक्ष गडद सावलीतही तगतो, पण त्याची पानं आणि बिया विषारी आहेत. घरात लहान मूल असेल तर नकोच.

लागवड एप्रिलात किंवा सप्टेंबरात करावी. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. सढळ हाताने शेणखत घालायची आपली सवय तिथे नडते. जुलैनंतर खत दिलं की कोवळी फूट येते आणि पहिल्याच हिमात जळते.

प्रश्न : नेरूळला गॅलरीत ऱ्होडोडेंड्रॉन जगेल का?

उत्तर : हिमालयातला बुरांस, म्हणजे तिथला ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणत असाल तर नाही. इथल्या उकाड्यात त्याला हवा तो गारवा मिळणार नाही. दोन-तीन तास ऊन येत असेल तर 12 इंची कुंडीत कुंती लावा. ऊन अजिबात नसेल तर ड्रेसिना, आणि माती वरून इंचभर सुकल्याशिवाय पाणी नाही.